जमिनीवर उतरताना

पुण्यातील रामवाडीच्या पेपल सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे पाठ चालू असताना आमच्या प्राध्यापकांना अधूनमधून थांबावे लागे. लोहगावचा विमानतळ तेथून जवळच. लढाऊ विमान डोक्यावरून गेले की तावदाने थरथरत आणि संत थॉमस अक्वायनस यांनी मांडलेले ईश्वराच्या अस्तित्वाचे प्रमाण अर्ध्यावर राही. आवाज विरला की प्राध्यापक 'तर मग' म्हणून पुढे चालू करीत. त्या वयात माझे लक्ष प्रमाणाकडे कमी आणि आवाजाकडे अधिक असे, याची कबुली आता द्यायला हरकत नाही. विमानाविषयीचे माझे ज्ञान मात्र त्या आवाजापुरतेच राहिले. पुढे धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, नगर जिल्ह्यात नेमणूक झाली आणि मोटारसायकल हेच माझे वाहन ठरले. आज बेलापूरच्या मुक्कामात प्रवरेच्या काठाने, उसाच्या मळ्यांमधून, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या चुकवीत वस्त्यांवर जाणे हेच माझे उड्डाण. १ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडीचा शिर्डी विमानतळ सुरू झाल्यापासून तिकडे उतरणाऱ्या विमानांचे दिवे संध्याकाळच्या आकाशात कधी कधी दिसतात. वस्तीवरची मुले हात हलवतात. मीही एकदोनदा हलविला आहे.

त्या हात हलविणाऱ्या मुलांपैकी एकाने खरोखरच वैमानिक व्हायचे ठरविले, आणि मी त्या प्रकरणात गुंतलो. त्याचे नाव येथे लिहीत नाही. वेदीवर सेवा करणारा मुलगा, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणितात उत्तम गुण, वडील साखर कारखान्यात कामाला होते ते लवकर गेले, आईच्या नावावर दोन एकर जमीन. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते आणि त्यातील प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागतात. तो आकडा त्याने मला सांगितला तेव्हा मी पुन्हा विचारून घेतला. शून्य एखादे जास्त ऐकले की काय असे वाटले. बँकेचे कर्ज, जमिनीचे गहाणखत, एका विश्वस्त निधीकडे अर्ज. त्या अर्जासोबतचे शिफारसपत्र माझ्या सहीचे होते.

त्याची आई ते पत्र न्यायला आली ती वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन. जुलै २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी प्रशिक्षणाचे एक छोटे विमान कोसळले होते, त्याची ती बातमी. प्रशिक्षक मृत्यू पावले, शिकाऊ मुलगी गंभीर जखमी झाली. डोंगराचा भाग, धड रस्ता नाही. आसपासच्या आदिवासी बांधवांनी तिला बाहेर काढले, एका माउलीने आपले लुगडे दिले आणि त्याची झोळी करून त्या मुलीला खाली आणले. मुलगा आईला धीर देऊ लागला. विमानात अपघात होताच आपोआप संकेत पाठविणारे यंत्र असते, ते ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाशी बोलते, तो संकेत बेंगळुरूच्या केंद्रात पोहोचतो आणि तेथून शोध सुरू होतो, असे त्याने समजावले. बाई शांतपणे ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "यंत्र राहू दे रे. लुगडं देणारी बाई जवळ पाहिजे." आणि माझ्याकडे वळून, "फादर, जमीन गहाण पडली तर सुटंल. पोरगं नको गहाण पडायला."

मी सही केली. करताना फारसा विचार केला नाही, हे येथे नोंदवितो.

सात-आठ महिन्यांनी त्याला भेटायला गेलो. जिल्ह्याबाहेरची ती प्रशिक्षण संस्था, माळरानावर एक धावपट्टी, पत्र्याची मोठी शेड आणि बाहेर दोरांनी जमिनीला बांधून ठेवलेली चार-पाच सेसना विमाने. विमान दोरीने बांधतात हेच मला नवे होते. पण वावटळ आली तर हलके विमान जागेवरच उलटू शकते. सेसना १७२ हे जगात सर्वाधिक संख्येने बांधलेले विमान, चव्वेचाळीस हजारांहून अधिक. जवळून पाहिले तर दार आमच्या जुन्या जीपच्या दारापेक्षाही हलके, पत्रा बोटाने दाबला तर दबेल असा. ज्याच्या भरवशावर माणूस आकाशात जातो ती वस्तू इतकी साधी असावी याचे मला थोडे भय वाटले.

उड्डाणापूर्वी तो विमानाभोवती एक प्रदक्षिणा घालतो. हा शब्द माझा. त्याचा शब्द 'वॉकअराउंड'. मी मागे मागे फिरलो. पंखाच्या खालून एका पारदर्शक पेल्यात त्याने थोडे इंधन काढून उजेडात धरले. फिकट निळा रंग. विमानाच्या पेट्रोलला तो रंग मुद्दाम दिलेला असतो, म्हणजे दुसरेच काही भरले गेले तर डोळ्यांना कळावे. पाणी जड, ते टाकीच्या तळाशी बसते. रात्रीच्या दवाने, पावसाने टाकीत पाणी शिरले असेल तर पेल्याच्या बुडाशी मण्यासारखा थेंब दिसतो. मग तो पंखावर चढला, टाकीचे झाकण उघडून आत खुणा केलेली काठी बुडविली. आत काटा आहे ना, मी विचारले. "काटा असतो, फादर. पण काठीच खरी." आमच्याकडे ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेल असेच पाहतात.

पंखाखाली बोटाएवढी एक नळी पुढे तोंड करून असते. समोरून येणारा वारा तीत शिरतो आणि त्याच्या दाबावरून विमानाचा वेग कळतो. तिच्यावर लाल पट्टी लोंबणारी टोपी घालतात. का, तर कुंभारीण माशी. आपल्या घराच्या खिडकीत, देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात मातीचे घर करणारी ती गरीब माशी या नळीत घर करते, आणि मग वेगमापक खोटे बोलू लागतो. फेब्रुवारी १९९६ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातील पुएर्तो प्लाता येथून निघालेले मोठे विमान समुद्रात पडून १८९ माणसे गेली. कित्येक दिवस उघड्या राहिलेल्या नळीत अशाच माशीने घर केले असावे, असा तपास करणाऱ्यांचा कयास होता. तेल, चाकांतील हवा, शेपटीच्या पात्यांचे खिळे, पंख्याच्या धारेवरून फिरविलेला तळहात. आत बसल्यावर पुन्हा यादी. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या दोन स्वतंत्र व्यवस्था असतात, एक निकामी झाली तर दुसरी असावी म्हणून. त्याही एकेक बंद करून पाहायच्या. हे सारे त्याला पाठ होते. तरी हातात छापील पान, आणि प्रत्येक ओळीवर बोट.

पाठ आहे तर पान कशाला, हा माझा प्रश्न. त्याने सांगितलेली गोष्ट मी नंतर पडताळून पाहिली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्ड येथे बोइंगचे मॉडेल २९९ हे चार इंजिनांचे नवे विमान लष्कराला दाखविण्यासाठी उडाले, सरळ वर चढत गेले आणि कोसळले. चालविणारे मेजर हिल हे नवखे नव्हते. जमिनीवर उभ्या विमानाच्या शेपटीची पाती वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावतात ती खीळ काढायची राहिली होती. हिल आणि बोइंगचे चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर या दोघांचेही प्राण गेले. हे विमान माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे असे काही लोक म्हणू लागले. वैमानिकांनी मात्र एक छोटी यादी तयार केली. तेव्हापासून ही यादी.

मला आमच्या उपासनाविधीच्या प्राध्यापकांची आठवण झाली. मिस्सा पाठ असली तरी मिस्साग्रंथ उघडा ठेवा, लाल अक्षरांतील सूचनांवर नजर असू द्या, असा त्यांचा आग्रह असे. ज्या दिवशी ग्रंथ मिटाल त्या दिवशी मन भटकेल, म्हणत. आम्ही तरुण धर्मबंधू त्यांची नक्कल करून हसत असू.

त्या दिवशी उड्डाण झालेच नाही. आजूबाजूच्या शेतांत उसाचे पाचट पेटविले होते, आणि हिवाळ्याच्या सकाळचा तो धूर जमिनीलगत थिजून राहिला होता. मला आकाश स्वच्छ दिसत होते. सरळ वर पाहिले तर निळेच. पण त्याने सांगितले, वर पाहून उपयोग नाही, समोरचे किती लांब दिसते ते पाहायचे. क्षितिज हरवले की माणसाच्या कानातील तोल सांभाळणारी इंद्रिये त्याला फसवितात. विमान हळूहळू एका अंगावर कलत असताना तो सरळ बसलो आहे असेच समजतो, उंची कमी होताना पाहून दांडा ओढतो, आणि फेरा अधिकच आवळत जातो. अमेरिकेत १९५४ साली वीस जणांवर प्रयोग झाला. यंत्रे पाहून उडण्याचा सराव नसलेला माणूस ढगात शिरल्यावर सरासरी १७८ सेकंदांत विमानावरचा ताबा घालवून बसला. वीसपैकी एकही सुटला नाही. तीन मिनिटेही नाहीत. आमची प्रवेशप्रार्थना तेवढ्यात संपत नाही. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव १६ जुलै १९९९ च्या रात्री समुद्रावरील धूसर हवेत असेच गेले, सोबत पत्नी आणि मेहुणी. यंत्रांच्या आधारे उडण्याचा दाखला त्यांनी अजून मिळविलेला नव्हता. विमान निर्दोष होते.

तर त्या दिवशी आम्ही चहा घेत बसलो. मी त्याला जे. आर. डी. टाटांची गोष्ट सांगितली. तेवढी एकच मला ठाऊक होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून ते अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, रेडिओ नाही, वाट दाखविणारे कोणतेही यंत्र नाही. त्याने माझ्या माहितीत भर घातली. त्या काळचे वैमानिक वाट चुकले तर रुळांच्या मागे मागे जात आणि खाली येऊन स्थानकाची पाटी वाचीत. मी म्हणालो, दौंड-मनमाड मार्गावर असा कोणी खाली आला असता तर फसलाच असता. पाटीवर 'बेलापूर' आणि खाली पसरलेले गाव श्रीरामपूर. बेलापूर त्या स्थानकापासून काही मैलांवर निवांत. नव्या मुंबईतल्या बेलापूरचे टपाल येथे येते ती गोष्ट आणखी वेगळी. पुष्कळ दिवसांनी तो मनमोकळा हसला.

निघताना मी त्याला लोरेतोच्या मातेचे पदक दिले. नाझरेथचे पवित्र घर देवदूतांनी उचलून इटलीत लोरेतोला आणले अशी परंपरा असल्यामुळे पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२० साली तिला वैमानिकांची आश्रयदात्री घोषित केले. मला वाटले, तो ते विमानात समोर टांगील. त्याने ते लॉगबुकच्या मागील पानाला चिकटवून टाकले. "विमानात सुटी वस्तू ठेवत नाहीत, फादर. पायाखाली गेली तर पॅडल अडकतं."

यानंतर तीन महिन्यांनी रात्री साडेनऊला फोन आला. येथे सांगितले पाहिजे की हे पापनिवेदन नव्हते. असते तर या ओळी लिहिल्या गेल्या नसत्या. जे लिहितो ते त्याच्या अनुमतीने.

त्या संध्याकाळी तो एकट्याने उडून परत आला होता. उतरताना वेग जास्त राहिला, आणि मागची दोन चाके आधी टेकायची ती न टेकता पुढचे नाकाचे चाक आधी आदळले. विमान उसळले. अशा वेळी करायचे ते एकच: पूर्ण शक्ती द्यायची, पुन्हा वर जायचे आणि फेरी मारून नव्याने उतरायचे. हे त्याला शंभरदा शिकविलेले. त्याने विमान खाली दाबले. ते पुन्हा नाकावर आदळले, पुन्हा उसळले, तिसऱ्यांदा थांबले. संधिप्रकाश होता, शेडजवळ कोणी नव्हते. विमान जागेवर नेले, दोर बांधले, पंख्याच्या धारेवर हात फिरविला, धार शाबूत वाटली. नोंदवहीत त्याने 'सामान्य' असे लिहिले आणि खोलीवर आला. उद्या पहाटे पहिल्या फेरीला तेच विमान एका विद्यार्थिनीच्या नावावर होते.

"काही झालं नसेल, फादर. दिसायला काहीच नाही. सांगितलं तर पुन्हा दुहेरी उड्डाणं करावी लागतील, त्याचे पैसे..." आणि तो थांबला. त्याला माझ्याकडून काय ऐकायचे होते ते मला स्पष्ट कळले. मलाही तेच म्हणावेसे वाटले. त्या पैशांच्या अर्जावर सही माझी होती.

वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना माझ्या मोटारसायकलचा मागचा ब्रेक धरत नव्हता. दुरुस्तीसाठी ठेवलेले पैसे मी नाताळच्या गोठ्याच्या रोषणाईला खर्च केले होते. एका संध्याकाळी आमचे धर्मशिक्षक मास्तर आजाऱ्याकडे जाण्यासाठी गाडी मागायला आले. ब्रेकचे सांगायचे तर पैशांचेही सांगावे लागणार होते. मी किल्ली दिली. उतारावर ते पडले, पाय दोन ठिकाणी मोडला, आणि आजही ते लंगडत चालतात. इस्पितळात रोज त्यांना भेटायला जात होतो, पण तेथेही बोललो नाही. दोन वर्षांनी सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मला माहीत होतं, फादर. गाडी चालवताना कळतंच की."

हे मी त्या रात्री त्याला फोनवर सांगितले. बाकी काही सांगितले नाही. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "ठेवतो, फादर. मुख्य प्रशिक्षकांचा फोन दहानंतर बंद असतो."

सकाळी यंत्रज्ञांनी इंजिनावरचे आवरण काढले. इंजिन आणि वैमानिकाचे पाय यांच्यामध्ये पत्र्याची एक भिंत असते, नाकाच्या चाकाचा सगळा भार तिच्यावर. या जातीच्या विमानात नाकावर आदळण्याचा पहिला घाव तेथेच बसतो. पत्र्याला सुरकुती पडली होती. बाहेरून हात फिरवून ती कळण्यासारखी नव्हती. विमान काही आठवडे शेडमध्येच राहिले.

विमानाच्या जगात या सांगण्याला किती मोल आहे ते मी पुढे वाचले. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ उतरण्याच्या तयारीत असलेले टी. डब्ल्यू. ए. कंपनीचे विमान डोंगराच्या माथ्यावर आदळले आणि ९२ जण ठार झाले. नियंत्रकाच्या एका वाक्याचा वैमानिकांनी वेगळा अर्थ घेतला होता. चौकशीत निघाले की सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे वैमानिक त्याच जागी त्याच गैरसमजातून थोडक्यात वाचले होते. त्यांनी आपल्या कंपनीत सांगितले, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले, आणि ती गोष्ट कुंपणाबाहेर गेली नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत एक व्यवस्था उभी राहिली. चूक करणाऱ्याने ती लिहून पाठवायची, नासा ही संस्था त्याचे नाव काढून टाकते आणि चूक तेवढी सर्वांना कळविते. दहा दिवसांच्या आत लिहिले आणि चूक हेतुपुरस्सर नसली तर बहुधा शिक्षाही टळते. नाव काढून टाकणे ही कल्पना या लोकांना आमच्या कबुलीच्या पेटीवरून सुचली की काय असे वाटून गेले. पण आम्ही तर चूकही कोणाला कळवीत नाही. त्यांचे प्रयोजन निराळे.

आमच्या मुलाला कोणी शिक्षा केली नाही. पण 'सामान्य' या खोट्या नोंदीबद्दल लेखी समज मिळाली आणि प्रशिक्षकाबरोबर पुन्हा पाच तास उडावे लागले. त्याचे पैसे भरण्यासाठी त्याच्या आईने गाय विकली.

त्या रविवारी मिस्सा संपल्यावर बाई देवळाच्या पायरीवर थांबल्या. आवाज चढवला नाही. "तुम्ही सांगितलंत म्हणून तो बोलला. गप बसला असता तर कुणाला कळणार होतं?" मी त्या दुसऱ्या मुलीविषयी बोलू लागलो. त्यांनी हात वर केला. "ते मला समजतं. मी गाईचं विचारतेय." याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. धर्मग्रामाच्या मदतनिधीतून काही देऊ केले ते त्यांनी घेतले नाही. पुढचे दोन रविवार त्या मिस्सेला आल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. पूर्वी दुसऱ्या रांगेत बसत. अजूनही मागेच बसतात. त्या मागच्या बाकाकडे पाहिल्यावाचून माझे प्रवचन सुरू होत नाही.

गेल्या सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला मुलगा आला होता. दोनशे तास पूर्ण झाले, परवाना हातात आला, नोकरी नाही. मोठ्या विमानाच्या वेगळ्या प्रशिक्षणाचा खर्च ऐकून या वेळी मी आकडा पुन्हा विचारला नाही. सध्या तो लहान मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतो आणि अर्ज करतो. गर्दीतून बाहेर पडून आम्ही माझ्या गाडीपाशी आलो. मी किल्ली लावणार तोच तो खाली वाकला, मागचा ब्रेक दाबून पाहिला, पुढची केबल बोटांनी चाचपली.

"फादर, हिचे दोन पदर तुटलेत."

दुसऱ्या दिवशी श्रीरामपूरला जाऊन ती बदलून आणली.